'कॉल द मिडवाइफ'मधली ती मळमळीची गोळी: थॅलिडोमाइड काय होतं आणि कळायला इतका उशीर का झाला

'कॉल द मिडवाइफ'च्या पाचव्या सीझनचा पहिला एपिसोड, जो बीबीसीवर जानेवारी २०१६ मध्ये आला, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना ऱ्होडा मुलक्स विसरता येणं अवघड आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधलं पॉप्लर, साल १९६१, गोदीकामगारांची वस्ती, नोनाटस हाउसमधल्या नन्स आणि नर्सेस सायकली मारत घरोघरी बाळंतपणं करत फिरतायत, आणि ऱ्होडाचं हे पहिलं बाळंतपण नाहीये त्यामुळे कोणाला फार काळजीही नाही. बाळ जन्मतं आणि खोलीतल्या बायका एकदम गप्प होतात. मुलीचे हातपाय वाढलेलेच नाहीत. आई विचारत राहते, काय झालं, मला दाखवा, आणि कोणाला काय बोलावं ते सुचत नाही.

आपण आज हे बघतो तेव्हा आपल्याला कारण माहीत असतं. डॉक्टर टर्नरनेच ऱ्होडाला मळमळीसाठी डिस्टाव्हल नावाची गोळी दिलेली असते, आणि डॉक्टर टर्नर म्हणजे त्या मालिकेतला सगळ्यात मन लावून काम करणारा माणूस, रात्री-अपरात्री धावत जाणारा. त्याला काहीच माहीत नाही. तिलाही नाही. हा जवळजवळ सगळा सीझन याच अंतरावर उभा आहे, की बघणाऱ्याला कळलंय आणि पडद्यावरच्या एकाही माणसाला कळलेलं नाही.

एपिसोड बघून बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, इतके डॉक्टर होते, इतक्या सुईणी होत्या, रोज बाळंतपणं बघणाऱ्या बायका होत्या, मग कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं याचं खरं उत्तर त्या गोळीच्या चांगल्या नावात आहे. ती इतकी निर्धोक मानली जात होती की तिच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही. हे नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

डिस्टाव्हल हे ब्रिटनमधलं नाव. आतलं औषध थॅलिडोमाइड. ते बनवलं पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने, आखेनजवळ श्टोलबर्ग नावाचं गाव आहे तिथली ही कंपनी, आणि १ ऑक्टोबर १९५७ ला 'कॉन्टेरगान' नावाने ते बाजारात आणलं, तेही प्रिस्क्रिप्शनशिवाय, कोणीही दुकानात जाऊन घ्यावं असं. ब्रिटनमध्ये १९५८ पासून ते डिस्टिलर्स कंपनीने विकलं. डिस्टिलर्स म्हणजे मुळात व्हिस्कीवाले, जॉनी वॉकर त्यांचीच, औषधांचा धंदा हा त्यांचा बाजूला काढलेला भाग होता.

गोळी खरं तर झोपेची आणि मन शांत करायची. त्या वेळी झोपेसाठी बार्बिट्युरेट जातीची औषधं चालायची आणि ती फार धोकादायक होती, थोडी जास्त झाली की माणूस मरायचा, आत्महत्याही त्यातून व्हायच्या, घरातल्या लहान पोरांच्या हाताला बाटली लागली तर संपलंच. थॅलिडोमाइडचं तसं नव्हतं. उंदरांना कितीही दिलं तरी उंदीर मरत नव्हते. म्हणजे ज्या डोसला प्राणी मरतो तो डोसच सापडत नव्हता, आणि याच गोष्टीवर सगळी जाहिरात उभी राहिली. १९६१ ची डिस्टाव्हलची एक जाहिरात आहे, त्यात एक छोटं मूल औषधांच्या कपाटापुढे उभं आहे, हातात बाटली, आणि मजकूर असा की या मुलाचा जीव डिस्टाव्हलच्या सुरक्षितपणावर अवलंबून असू शकतो. आज ती जाहिरात बघवत नाही. पण त्या वेळच्या डॉक्टरला ती पटत होती, कारण बार्बिट्युरेटने दगावलेली माणसं त्याने स्वतः पाहिलेली होती.

झोपेबरोबर मळमळही थांबते असं लक्षात आल्यावर ही गोळी गरोदर बायकांना द्यायला लागले. पहिल्या तीन महिन्यांत सकाळी सकाळी ज्या कोरड्या उलट्या होतात, अन्नाचा वास नको होतो, त्यावर. जाहिरातीत तर सरळ लिहिलेलं असायचं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ही पूर्ण सुरक्षितपणे देता येते.

आता हे कशावरून लिहिलं? पोटुशी प्राण्यांवर ती तपासलीच नव्हती. उंदीर मरत नाहीत हे पाहिलं होतं आणि तेवढ्यावर 'सुरक्षित' हा शब्द आईपासून पोटातल्या बाळापर्यंत ताणला गेला. त्या काळी बऱ्याच जणांचा असा समज होता की वार ही पोटातल्या बाळाची राखण करते, आईला जड जाईल इतकं विष असेल तरच ते बाळापर्यंत पोचणार. हा समज तेव्हाही पक्का राहायला नको होता. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ मध्येच दाखवून दिलं होतं की आईला गरोदरपणात रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. आईला जेमतेम ताप, अंगावर थोडं पुरळ, आणि बाळाचे डोळे गेले. म्हणजे आईला फारसं काही न होता बाळाला मोठी इजा होऊ शकते हे वीस वर्षं आधीपासून छापलेलं होतं. मग गोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला नाही याला 'त्या काळी कोणाला माहीतच नव्हतं' एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

आता गोळी नेमकं करते काय ते बघू, कारण कळायला उशीर का झाला याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

बाळाचे हात, पाय, कान हे अवयव घडायची सुरुवात गरोदरपणात खूप लवकर होते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण ३४ व्या दिवसापासून ५० व्या दिवसापर्यंतचा काळ हा थॅलिडोमाइडसाठी घातक. जेमतेम दोन-सव्वादोन आठवडे. त्यातही क्रम आहे, अगदी सुरुवातीला घेतली तर कानांवर आणि चेहऱ्याच्या नसांवर परिणाम, पुढे हातांवर, मग पायांवर, आणि शेवटी शेवटी घेतली तर अंगठ्याच्या हाडांवर. डोळे, हृदय, किडनी, आतडी यांनाही धक्का बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून बरीच बाळं जन्मल्यावर लगेच दगावली. आणि यासाठी महिनाभर गोळ्या खायची गरज नव्हती, त्या दिवसांत घेतलेली एक गोळीही पुरली. उलट ज्या बाईने चौथ्या-पाचव्या महिन्यात ढीगभर गोळ्या खाल्ल्या तिचं बाळ हातापायांनी धडधाकट जन्मलं. म्हणजे एकाच आळीतल्या दोघी, दोघींनी तीच गोळी घेतली, एकीचं बाळ ठणठणीत आणि एकीचं असं. कोण जोडणार ते गोळीशी?

आणि ३४ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. १९६१ मध्ये घरी टेस्ट करायची सोय नव्हती. कित्येकींना दिवस गेलेत हे पक्कं कळायच्या आतच ती वेळ येऊन जायची, गोळी तर त्यांनी झोप लागत नाही म्हणून घेतलेली असायची.

पेशीच्या आत काय घडतं हे कळायला मात्र २०१० साल उजाडावं लागलं. जपानमधल्या हिरोशी हांडा यांच्या टीमने दाखवलं की थॅलिडोमाइड सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. आपल्या प्रत्येक पेशीत जुनी, नको असलेली प्रथिनं मोडून टाकायची एक यंत्रणा असते, जे प्रथिन मोडायचं त्यावर आधी खूण केली जाते आणि मग खूण झालेलं प्रथिन तोडलं जातं. सेरेब्लॉन हा त्या खूण करणाऱ्या यंत्रणेचा एक भाग. थॅलिडोमाइड त्यात जाऊन बसलं की यंत्रणा भलत्याच प्रथिनांवर खुणा करायला लागते. २०१८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की अशी चुकून खूण होणाऱ्यांमध्ये 'सॉल-फोर' नावाचं प्रथिन आहे, आणि हातपाय घडायला तेच लागतं. ज्यांच्यात जन्मतःच सॉल-फोरच्या जनुकात दोष असतो त्यांचे हात बरेचसे थॅलिडोमाइडच्या बाळांसारखे दिसतात हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, त्यामुळे तो धागा जुळला. हे एकच प्रथिन सगळ्याला जबाबदार असं नाही, अजूनही काही आहेत, पण मोठा भाग हा.

यातच उंदरांचं कोडंही सुटतं. उंदराचं सेरेब्लॉन माणसाच्या सेरेब्लॉनपेक्षा अगदी थोडंसं वेगळं आहे, आणि तेवढ्या फरकाने थॅलिडोमाइड उंदरात तसा घोळ घालू शकत नाही. म्हणजे कंपनीने गाभण उंदरीण घेऊन तपासलं असतं तरी कदाचित काही दिसलं नसतं हे मान्य. पण सशात दिसलं असतं. १९६२ मध्ये, गोळी बंद झाल्यावर, डिस्टिलर्सच्याच जॉर्ज सोमर्स या संशोधकाने पांढऱ्या सशिणींना ती दिली आणि पिल्लं तशीच वाकड्या अवयवांची जन्मली. हे काम चार वर्षं आधी करता आलं असतं, ससे काही दुर्मिळ नव्हते.

अजून एक गोष्ट इंटरनेटवर फार फिरते ती इथेच निस्तरून घेऊ. थॅलिडोमाइडचा रेणू दोन रूपांत असतो, चपलांच्या जोडासारखा, एक डाव्या पायाची आणि एक उजव्या पायाची, तशीच दिसणारी पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. त्यातलं एक रूप झोप आणतं आणि दुसरं बाळाला इजा करतं, कंपनीने दोन्ही वेगळी करून चांगलं तेवढं विकलं असतं तर काहीच झालं नसतं असं बारावी केमिस्ट्रीच्या क्लासमध्येसुद्धा सांगतात. इजा करणारं रूप मुख्यतः एक आहे हे खरं. पण अंगात गेल्यावर ही दोन रूपं काही तासांत एकमेकांत बदलत राहतात, त्यामुळे निव्वळ 'चांगलं' रूप दिलं तरी पोटात गेल्यावर दुसरं तयार होणारच. वेगळं करून विकणं हा उपाय नव्हताच.

बरं, आता पॉप्लरकडे परत येऊ आणि १९६१ च्या सुईणीच्या जागेवरून बघू.

तिला काय दिसतंय? तिच्या अख्ख्या नोकरीत असं बाळ तिने बहुतेक कधीच पाहिलेलं नाही, आता एक पाहिलं. फोकोमेलिया म्हणजे हाताचा पंजा जवळजवळ थेट खांद्यालाच जोडलेला असणं, ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की डॉक्टरांनीसुद्धा ती पुस्तकातच बघितलेली. तिच्या भागात एक, पलीकडच्या भागात एक, तिसरं शंभर मैलांवर. यातल्या कोणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. ही सगळी बाळं एका जागी मोजायची अशी काही व्यवस्थाच नव्हती. गोळी घेतल्यापासून बाळ जन्मेपर्यंत साडेसात-आठ महिने जातात, तोवर आई ती गोळी विसरूनही गेलेली असते. शिवाय तीच गोळी वेगवेगळ्या नावांनी मिळायची, ब्रिटनमध्ये डिस्टाव्हल तर होतीच, पण दम्यासाठी अ‍ॅझ्माव्हल, ब्लडप्रेशरसाठी टेन्सिव्हल, अर्धशिशीसाठी व्हॅलग्रेन, या सगळ्यांत थॅलिडोमाइड, आणि पाकिटावरच्या नावावरून ते कळायचं नाही.

आणि काही बाळं मोजलीच गेली नाहीत. मालिकेत याच सीझनमध्ये पुढे एक प्रसंग आहे, हॉस्पिटलमध्ये खूप जास्त व्यंग असलेलं एक बाळ उघड्या खिडकीशी ठेवून दिलंय, थंडीत, आपोआप जाईल म्हणून, आणि नोनाटस हाउसमधल्या नन सिस्टर ज्युलिएनला ते सापडतं, अजून श्वास चालू असतो. ती त्याला उचलून जवळ घेते. मला तो प्रसंग ऱ्होडाच्या बाळंतपणापेक्षाही जड गेला. हे लिहिणाऱ्यांनी उगाच रंगवून घातलेलं नाही, त्या काळातल्या नर्सेसनी आणि पालकांनी नंतर अशा गोष्टी सांगितल्या आहेत. आईला सांगायचं बाळ मेलेलं जन्मलं, तिला दाखवायचंही नाही. आता असं बाळ 'मृत जन्म' म्हणून कागदावर गेलं की त्या कागदावरून कोणाला काय कळणार?

उरलेल्यांत दोष आईला. तिच्या घराण्यातच काहीतरी असेल, तिने पोट पाडायला काहीतरी खाल्लं असेल, नवऱ्याकडून काही आलं असेल. जर्मनीत लोकांना अणुबाँबच्या चाचण्यांचा संशय होता. मालिकेत ऱ्होडाच्या नवऱ्याला ते बाळ स्वीकारणं जड जातं, आणि खऱ्या आयुष्यात कितीतरी घरं यापायी मोडली. बायकांनी चाळीस-पन्नास वर्षं हे ओझं वाहिलं, कारण गोळी घेतली ती आपणच असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. डॉक्टरने लिहून दिलेली, 'पूर्ण सुरक्षित' म्हणून छापलेली गोळी.

शेवटी हा धागा पकडला तो दोन जागी, जवळपास एकाच वेळी. हॅम्बुर्गमध्ये विडुकिंड लेन्झ नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९६१ च्या जूनमध्ये त्यांच्याकडे एक वकील आला, कार्ल शुल्टे-हिलेन, त्याचं स्वतःचं बाळ आणि त्याच्या बहिणीचं बाळ दोन्ही असेच जन्मलेले. लेन्झ स्वतः फिरायला लागले, एकेका आईला भेटून काय खाल्लं, काय प्यायलं, कुठलं डिटर्जंट वापरलं इथपासून विचारायला लागले. सुरुवातीला कॉन्टेरगानचं नाव थोड्याच जणींनी घेतलं. मग त्यांनी त्याच बायकांना परत जाऊन थेट विचारलं, कॉन्टेरगान घेतलं होतं का? तेव्हा कितीतरी जणी हो म्हणाल्या. आधी का नाही सांगितलं? तर इतकी साधी गोळी, ती काय सांगायची, असं त्यांना वाटलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण गोळीचं चांगलं नाव तिच्यावरचा संशय कसा झाकून टाकतं ते इथे उघड दिसतं, आणि चौकशीला आलेल्या माणसाने तेच नाव घेऊन दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर ते झाकलेलंच राहिलं असतं.

१५ नोव्हेंबर १९६१ ला लेन्झनी कंपनीला फोन केला, औषध ताबडतोब काढून घ्या म्हणाले. कंपनी तयार होईना. २६ नोव्हेंबरला 'वेल्ट आम झोंटाग' या पेपरात बातमी आली आणि मग मात्र कॉन्टेरगान बाजारातून उचललं गेलं. डिस्टिलर्सने डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रिटनमधून काढलं.

दुसरी जागा सिडनी. क्राउन स्ट्रीट विमेन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी काही बाळं पाहिली आणि त्यांचं छोटंसं पत्र 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात १६ डिसेंबर १९६१ ला छापून आलं. पण तिथल्या सिस्टर पॅट स्पॅरो यांना त्या आयांमध्ये ही गोळी समान आहे हे आधी खटकलं होतं असं नंतर पुढे आलं. नाव झालं डॉक्टरांचं. सुईणींवरच्या मालिकेच्या निमित्ताने हे बोलतोय तर सिस्टर स्पॅरोचं नाव घेतलंच पाहिजे, रोज प्रत्येक आईजवळ जी उभी असते तिलाच असं साम्य आधी दिसणार.

लेन्झ बरोबर होते याचा पुरावा पुढच्या वर्षी आला. औषध बंद झाल्यावर साधारण आठ महिन्यांनी अशी बाळं जन्मायचं प्रमाण झपकन खाली आलं.

सगळीकडे मात्र असं झालं नाही. कॅनडात ते मार्च १९६२ पर्यंत मिळत होतं, जपानमध्ये सप्टेंबर १९६२ पर्यंत. जर्मनीत बातमी येऊनही जपानमध्ये दहा महिने! आणि जिथे दुकानातून उचललं तिथेही घरच्या कपाटात अर्ध्या बाटल्या पडून होत्याच. जगभरात मिळून दहा हजारांहून जास्त बाळं अशी जन्मली असं धरलं जातं, त्यातली बरीच पहिल्या वर्षाच्या आतच गेली.

अमेरिका जवळजवळ पूर्ण वाचली ती एका बाईमुळे. फ्रान्सेस केल्सी, मूळच्या कॅनडाच्या, १९६० मध्ये एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्यात, नव्याने रुजू झालेल्या, आणि टेबलावर पहिलीच फाइल आली ती थॅलिडोमाइडची. युरोपात धो-धो विकलं जाणारं औषध, सोपी फाइल म्हणून नव्या बाईला दिली. केल्सींनी सही केली नाही. तेव्हाच्या नियमाने ६० दिवसांत एफडीएने हरकत घेतली नाही तर औषध आपोआप विकता यायचं, त्यामुळे त्या दर वेळी मुदतीच्या आत अजून माहिती मागायच्या. अमेरिकेत ते विकू पाहणाऱ्या कंपनीची माणसं सारखी फोन करायची, भेटायला यायची, वरिष्ठांकडे तक्रारी करायची. मग १९६१ च्या सुरुवातीला केल्सींनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं एक पत्र वाचलं, लेस्ली फ्लॉरेन्स या डॉक्टरांचं, ३१ डिसेंबर १९६० च्या अंकातलं. त्यात एवढंच होतं की बरेच दिवस थॅलिडोमाइड घेणाऱ्या काही पेशंटच्या हातापायांना मुंग्या येतायत, बधिरपणा येतोय, याला हे औषध कारणीभूत आहे का? केल्सींनी पुढचा प्रश्न विचारला, मोठ्या माणसाच्या नसांना हे धक्का लावत असेल तर पोटातल्या बाळाला काय करत असेल? हा प्रश्न त्यांनाच का सुचला तर महायुद्धाच्या काळात त्यांनी मलेरियाच्या औषधांवर काम केलं होतं, आणि मोठा ससा क्विनाइन पचवतो पण सशाचा गर्भ ते तसं पचवू शकत नाही हे स्वतः पाहिलं होतं. त्यांनी पुरावा मागितला, कंपनीकडे तो नव्हता, फाइल अडून राहिली आणि तोवर युरोपातून बातमी आली. तरी कंपनीने ट्रायल म्हणून डॉक्टरांना आधीच वाटलेल्या गोळ्यांमुळे अमेरिकेतही काही बाळं अशी जन्मलीच. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सींचा सन्मान केला. २०१५ मध्ये त्या गेल्या, १०१ वर्षांच्या होऊन.

त्यानंतर कायदे बदलले. अमेरिकेत १९६२ मध्येच औषध कामाचं आहे याचा पुरावा देणं सक्तीचं झालं. ब्रिटनमध्ये तोपर्यंत नवं औषध विकायच्या आधी ते निर्धोक आहे हे दाखवा अशी कायद्याची अटच नव्हती, डॉक्टर टर्नरच्या हातात आलेली बाटली कोणत्याही सरकारी तपासणीतून आलेली नव्हती. १९६४ मध्ये तिथे यलो कार्ड सुरू झालं, म्हणजे औषधाने काही विपरीत झाल्याचा नुसता संशय आला तरी पिवळं कार्ड भरून पाठवायचं, मग देशभरातून आलेली अशी कार्डं एकत्र बघून एखादा पॅटर्न दिसतो का ते तपासायचं. पॉप्लरच्या सुईणीजवळ नेमकं हेच नव्हतं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे हे कार्ड सुरुवातीला डॉक्टर लोकांसाठीच होतं, नर्स आणि मिडवाइफना ते भरायची मुभा २००२ मध्ये मिळाली. आपल्याकडे अशी देशव्यापी व्यवस्था २०१० पासून आहे, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया, आणि त्यात डॉक्टरच नाही तर पेशंटही तक्रार नोंदवू शकतो, हे आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं.

त्या बाळांचं पुढे काय झालं? ब्रिटनमध्ये मुलांना कृत्रिम हात बसवले, ते दाबाखालच्या गॅसवर चालायचे, अंगाला छोटा सिलिंडर बांधलेला. जड, गरम, आवाज करणारे. बऱ्याच मुलांना पायाच्या बोटांनी पेन धरून लिहिणं, जेवणं सहज जमत होतं, तरी चारचौघांत बरं दिसावं म्हणून ते हात घालायला लावायचे, आणि मुलं संधी मिळाली की काढून टाकायची. भरपाईसाठी आईबाप वर्षानुवर्षं कोर्टात. १९७२ मध्ये 'संडे टाइम्स'ने, संपादक हॅरल्ड इव्हान्स, हा विषय लावून धरला आणि १९७३ मध्ये मोठी तडजोड होऊन थॅलिडोमाइड ट्रस्ट उभा राहिला. जर्मनीतला खटला १९६८ मध्ये सुरू झाला तो १९७० मध्ये निकालाशिवायच मिटवला. ग्रुनेन्थालने जाहीर माफी मागितली २०१२ मध्ये, पन्नास वर्षांनी, आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तर २०२३ मध्ये. ही माणसं आज साठीच्या पुढे आहेत. आयुष्यभर पायांनी, दातांनी, खांद्यांनी कामं केल्यामुळे त्यांचे सांधे लवकर झिजलेत, आणि तरुणपणी जे एकट्याने जमायचं त्यासाठी आता मदतनीस लागतो, तिथे या भरपाईचा पैसा लागतो.

गोळी मात्र गेलेली नाही, हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी एका कुष्ठरोग्याला झोप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं. कुष्ठरोगात कधीकधी अंगावर लाल, ठणकणाऱ्या गाठी येतात, ताप येतो, माणूस तळमळतो. त्या पेशंटच्या गाठीच ओसरल्या. पुढे १९९९ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरही ते चालतं असं दिसलं, आणि गंमत नाही, खरंच, पेशीतली ती सेरेब्लॉनची भानगडच इथे उपयोगी पडते, कॅन्सरच्या पेशींना जी प्रथिनं लागतात तीच मोडली जातात. लेनालिडोमाइड हे आज भारतातही मायलोमाच्या पेशंटना सर्रास दिलं जाणारं औषध थॅलिडोमाइडच्याच घराण्यातलं. थॅलिडोमाइडसुद्धा आपल्याकडे वापरात आहे. म्हणून घरात कोणी ही औषधं घेत असेल तर नियम अगदी कडक आहेत, दिवस जायची शक्यता असलेल्या बाईने गर्भनिरोधाची दोन साधनं एका वेळी वापरायची, ठरावीक दिवसांनी प्रेग्नन्सी टेस्ट करायची, पुरुषाने घेत असताना कंडोम वापरायचा कारण औषध वीर्यात उतरतं, आणि उरलेली गोळी दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी दिलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्याच बाईने घेतल्या आणि १९६२ नंतरही अशी बाळं जन्मली.

शेवटी मळमळीच्या गोळीबद्दल, कारण हा एपिसोड बघून एखादी गरोदर मुलगी डॉक्टरने दिलेली गोळी टाकून देईल याची मला खरंच काळजी वाटते. आज आपल्याकडे पहिल्या तिमाहीत उलट्यांसाठी साधारणपणे डॉक्सिलामिन आणि बी-सिक्स व्हिटॅमिनची गोळी देतात. तिचा थॅलिडोमाइडशी काहीही संबंध नाही. तिच्यावरही एकदा गंडांतर आलं होतं आणि ते आणणाऱ्यांत सिडनीचे तेच मॅकब्राइड होते. थॅलिडोमाइडने नाव झाल्यावर त्यांनी डेबेंडॉक्सवर, म्हणजे याच गोळीच्या तिथल्या नावावर, बाळांत व्यंग होतं असा आरोप केला. चौकशीत असं निघालं की सशांवरच्या प्रयोगाचे आकडे त्यांनी बदलले होते, आणि १९९३ मध्ये त्यांचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं. पण तोवर कोर्टकज्ज्यांना कंटाळून कंपनीने १९८३ मध्येच ती गोळी बाजारातून काढली होती. नंतर लाखो गरोदरपणं तपासून पाहिली तरी तिने व्यंग होतं असं काही सापडलं नाही. दरम्यान अमेरिकेत उलट्यांनी हैराण होऊन हॉस्पिटलात भरती व्हावं लागणाऱ्या गरोदर बायकांचं प्रमाण वाढलं. तीच गोळी तिथे नव्या नावाने परत आली २०१३ मध्ये, तीस वर्षांनी.